कारखाना डिजिटल करून राहिले ना, भाऊ?

नागपूरजवळ बुटीबोरी एमआयडीसीत प्लॉट, शेडवर नवा पत्रा, अन् कारखाना अजून डिजिटल नाही? काहून, भाऊ?

सुरुवात टीव्हीपासून करा. रिसेप्शनवर भिंतभर स्क्रीन लावा, तिच्यावर हिरवे आकडे पळू द्या. कशाचे आकडे, असं विचारणारा पाहुणा निघालाच तर त्याला सावजीकडे न्या. रस्सा घशाखाली उतरला की कोणी शंका काढत नाही.

आता शेडमध्ये या. कॉम्प्रेसरची हवेची लाइन फुसफुसून राहिली ना? फुसफुसू द्या. दुर्लक्षित लाइनमधून 20 ते 30 टक्के हवा सहज उडून जाते. सुटीच्या दिवशी सगळी मशीनं बंद ठेवून कॉम्प्रेसर किती वेळ लोड घेतो, म्हणजे हवा भरत राहतो, एवढं घड्याळात पाहिलं तरी गळती कळते. पण घड्याळात काय डिजिटल, बाप्पा? जोडाजोडावर सेन्सर बसवा, गळती मोबाइलवर दर मिनिटाला पाहा. बुजवू मात्र नका. ग्राफ सपाट झाला तर सॉफ्टवेअरवाल्याला पैसे कशाचे देणार? (मीटर लावून गळती बुजवणाऱ्याचं बिल कमी होतं अन् तेवढा कोळसाही वाचतो. पण असल्या माणसाला सेमिनारला कोण बोलावतं?)

कूलिंग टॉवरच्या पंख्याला व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं यंत्र) लावा म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटे लावा. वेग 20 टक्के उतरवला की पंख्याची वीज जवळपास निम्म्यावर येते, हे त्याचं गणित बरोबर आहे. पण मे महिन्यातल्या 45 अंशांत जो पंखा फुल्ल फिरतो, त्याला डिसेंबरच्या रात्री कमी लेखायचं? आपल्यात भेदभाव नाही.

सगळा डेटा क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्याच्या डेटा सेंटरात, टाका. त्याच्या विजेचा धूर कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघो की आणखी कुठून, आपल्या शेडमधून निघत नाही ना? झालो आपण हरित. 2024 मध्ये जगाच्या विजेतली सुमारे दीड टक्का वीज डेटा सेंटरांनी खाल्ली, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था सांगते. ती दुसऱ्यांच्या डेटाची असणार.

जुने संगणक नोंदणीकृत रिसायकलरला द्या, असं ई-कचऱ्याचे नियम सांगतात. पण 2022 मध्ये जगात निघालेल्या सुमारे 6.2 कोटी टन ई-कचऱ्यापैकी चौथाईही रीतसर रिसायकल झाल्याची नोंद नाही. बहुमत कुठे आहे ते ओळखा अन् भंगारवाल्याला आवाज द्या.

कागदमुक्तीचा अहवाल जाड आर्ट पेपरवर छापा, रंगीत.

राहिला तो म्हातारा फिटर. वॉशर अन् टेफ्लॉन टेप मागून राहिला कधीचा. त्याला म्हणा, पोर्टलवर तिकीट टाका काका. लॉगिन आयटीवाले देतील, बजेट उरलं तर.