पिढी नव्हे, ड्रॅग फॅक्टर बघा

कॉन्सेप्ट-टू कंपनीच्या रोइंग मशीनमधे (वल्हवण्याच्या व्यायामाचं यंत्र) जुन्या मॉडेल सीपेक्षा नवं मशीन ओढायला 'जड' लागतं, असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटत नाही. दोन्हींवर मी बरीच वर्षं रोइंग केलंय. जडपणा पिढीचा नसतो, मशीनच्या पंख्यासारख्या चाकाला किती हवा मिळते त्याचा असतो. चाकाभोवतीच्या जाळीत धूळ साचली की डॅम्पर (चाकाकडची हवा कमी-जास्त करणारा खटका) सगळ्यात वर, १० वर ठेवूनही हात हलके पडतात. जाळी साफ करा, तेच मशीन पुन्हा ओढायला जड लागतं! म्हणून डॅम्परचा आकडा नको, मॉनिटरवरचा ड्रॅग फॅक्टर (हवा चाकाला किती अडवते त्याचा आकडा) जुळवून तुलना करा. दोन स्ट्रोकच्या मधे चाक किती झपाट्याने मंदावतं यावरून मॉनिटर तो काढतो आणि ५०० मीटरची वेळही त्याच हिशेबाने देतो.

मशीनच्या रचनेतली खरी उडी फार आधीची. १९८१ च्या पहिल्या मॉडेलला सायकलचं उघडं चाक होतं, जाळीबिळी काही नाही. सी नंतरच्या मॉडेल डी आणि ई मधे मुख्य फरक बैठकीच्या उंचीचा. माझ्या वडिलांच्या गुडघ्यांना ई ची उंच बैठक फार सोयीची पडली. चालू स्थितीतलं मॉडेल सी स्वस्तात मिळत असेल तर बिनधास्त घ्या, फक्त साखळीला नियमित तेल द्या.