पवनेत पोहायचंय? या, पाव्हणं!

सर्वप्रथम अभिनंदन. शनिवारची सकाळ दुधिवरे खिंडीत गाडीमागे गाडी लावून घालवलीत आणि एकदाचे मावळातल्या पवना धरणाच्या काठी पोचलात. सभोवती लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना आणि मधोमध पाणीच पाणी. धरण भरलं की साडेआठ टीएमसी. एवढ्या पाण्यात एका माणसाला पोहायला जागा मिळू नये? मिळते हो. शोधायची पद्धत तेवढी माहीत हवी.

आधी पाटी शोधा. ‘पाणी खोल आहे, पाण्यात उतरू नये’ अशी सरकारी पाटी जिथे दिसेल, तिथेच थांबा. सरकारी खातं उगाच खर्च करत नाही. जिथे पूर्वी कोणी उतरलंच नाही, तिथे ते पाटी कशाला लावेल? म्हणजे जागा लोकांच्या पसंतीची आहे, एवढं त्यातून सिद्ध झालं. शिवाय पाटीच्या खांबाला पँट अडकवता येते, ही जादा सोय.

तळाची चिंता करू नका. तळ अगदी घरगुती आहे. धरण झालं तेव्हा इथली शेतं, घरं, बांध, विहिरी सगळं पाण्याखाली गेलं. त्यामुळे गुडघाभर पाण्यातून मजेत चालत असताना पुढचं पाऊल थेट एखाद्या जुन्या विहिरीत पडू शकतं. हा अनुभव तुमच्या वाकडच्या सोसायटीच्या तरणतलावात कितीही मेंटेनन्स भरला तरी मिळायचा नाही. पाण्यात वाघेश्वराचं जुनं देऊळही आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते वर येतं आणि लोक चालत जाऊन दर्शन घेतात. तुम्हाला एवढं थांबायची गरज नाही. ऑक्टोबरातच डोकं खाली करून सूर मारा. देव भेटेलच, या देवळातला नाही तर दुसरा कुठला तरी.

पोहता येतं का, हा प्रश्न गौण आहे. सोसायटीच्या तलावात तुम्ही एका दमात या टोकाचं ते टोक गाठता, तिथे धरायला दांडा असतो आणि दमलात तर पाय टेकतात. इथे दांडा आणि टेकणारे पाय सोडले तर बाकी सगळं तेच. गोव्याला समुद्रात तरंगलो होतो, हेही मित्रांना ऐकवाच. खारं पाणी माणसाला जास्त उचलून धरतं आणि गोडं कमी, असल्या शाळकरी गोष्टी कोणी काढल्या तर विषय बदला. वरचं पाणी उन्हाने कोमट लागतं आणि खाली गेल्यावर एकदम गार. त्या गारठ्याने पोटरीत गोळा आला, तर तो व्यायामच समजावा. उतरण्यापूर्वी बिर्याणी आणि दोन बाटल्या बिअर घ्यायला विसरू नका. रिकाम्या पोटी आणि शुद्धीत असलं काही सुचत नाही.

एवढ्यात काठावरून एखादे मामा हाक मारतील, ‘‘पाव्हणं, हितं नका उतरू. खाली गाळ हाय, जाळी बी हायती.’’ हे मामा इथेच वाढलेले. भोपळा कमरेला बांधून पोहायला शिकले, लहानपणापासून मुटके मारले. साहजिकच त्यांना पोहण्यातलं काही कळत नाही. त्यांना हसून हात दाखवा. पुढे तुम्ही दिसेनासे झालात तर पहिली होडी तेच काढणार आहेत. मग लोणावळ्याहून ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची पोरं येतील, आपापली कामं टाकून, स्वयंसेवक म्हणून. रविवारी घरी बसून त्यांनी तरी काय केलं असतं?

कोणी भुशी धरणाची आठवण काढेल. 30 जून 2024 ला तिथे मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली आणि पाठोपाठ पर्यटनस्थळांवर मनाई आदेश निघाले. तुम्ही सांगा, तो धबधबा होता, इथलं पाणी शांत आहे. खरंच शांत आहे. बुडणारा माणूसही सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. काठावरच्यांची अंताक्षरी बिनव्यत्यय चालू राहते.

एक नाजूक मुद्दा. तुम्ही पिंपरी-चिंचवडचे असाल तर हे पाणी तुमचंच आहे, अगदी पिण्याचं. धरणातून सुटतं, नदीने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून निगडीला शुद्ध होतं आणि तुमच्या नळाला येतं. म्हणजे 2019 पासून एक दिवसाआड येतं. ‘पालिका पाणी देत नाही’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर रागावणाऱ्या माणसाने शनिवारी त्याच पाण्यात शॅम्पू लावून डुंबावं आणि मग चहा करावा, यात एक प्रकारचं स्वावलंबन आहे.

हेच पाणी बंद पाइपलाइनने शहराला न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. 9 ऑगस्ट 2011 ला बऊरजवळ एक्स्प्रेस-वेवर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा जीव गेला. काठावरच्या तंबूंच्या कॅम्पवर हा विषय काढू नका. बार्बेक्यूची वेळ असते.

एवढं सगळं करूनही पाण्याशी नातं जुळत नसेल, तर ‘लेक टच’ प्लॉट घ्या. एजंट तुम्हाला गणपतीनंतर जागा दाखवायला आणेल. तेव्हा पाणी कुंपणाला खरंच टच झालेलं असतं. मे महिन्यात चुकूनही फिरकू नका. तेव्हा तळं पार खाली गेलेलं असतं आणि तुमच्या व्हरांड्यासमोर भेगाळलेला गाळ, त्यात म्हशी. म्हशी पोहायला जातात. त्यांना जागा शोधावी लागत नाही आणि त्यांच्याकडे एनए प्लॉटही नसतो.

थोडक्यात ज्यांची जमीन पाण्याखाली गेली, त्यांनी किती वर्षं पुनर्वसनाची वाट पाहायची आणि तुम्ही चेक-इनची किती वेळ, याचा हिशेब काढत बसू नका. चेक-इन दुपारी दोनला असतं.

तेव्हा मुकाट्याने व्हिलाच्या स्विमिंग पूलमध्ये उतरा. धरण समोर दिसतं, पाणी टँकरने येतं, खोली साडेतीन फूट. काठावर कोपरं टेकून, धरणाकडे पाठ करून फोटो काढता येतो आणि त्यात पूल कुठे संपतो, धरण कुठे सुरू होतं ते कळत नाही. सुती कपडे चालणार नाहीत. नायलॉनची चड्डी काउंटरवर भाड्याने मिळेल. डिपॉझिट वेगळं, आणि ते परत मागायला लाज वाटू देऊ नका, बरेच जण विसरतात.