पोलीस कोठडी 90 दिवसांची झालेली नाही

‘नव्या कायद्यात पोलीस 90 दिवस कोठडीत ठेवतात, शुक्रवारी उचललं तर सोमवारपर्यंत कोर्ट नाही, वकील खटला उभा राहिल्यावरच मिळतो आणि आरोप निश्चित झाले की शिक्षा ठरलेलीच’, असा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. ज्यांचं माणूस आत्ता पोलीस ठाण्यात बसलंय, त्यांनी हे वाचून हातपाय गाळले तर पहिले दोन दिवस हातचे जातात. आणि मोलाचे तेच असतात.

आधी 90 दिवसांचं बघू. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 187 मधले 60 आणि 90 हे आकडे तपासाच्या मुदतीचे आहेत. त्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. अर्ज मात्र दोषारोपपत्र दाखल होण्याआधी करायला हवा. पोलीस कोठडी, म्हणजे पीसीआर, आजही एकूण 15 दिवसांपेक्षा जास्त मिळत नाही. बाकी काळ एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी. (यूएपीए, मोक्का अशा विशेष कायद्यांच्या मुदती वेगळ्या आणि लांब आहेत.) खरा बदल दुसराच आहे आणि तो मला काळजीचा वाटतो. पूर्वी पोलीस कोठडी पहिल्या 15 दिवसांतच मिळायची; आता तीच तुकड्यातुकड्यांनी पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत कधीही मागता येते. त्यावर जरूर बोला, पण आकडा खरा सांगा.

शुक्रवारचं म्हणणं साफ चूक. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचंच, सुटी असली तरी. रविवारी रिमांडसाठी सुटीचं कोर्ट बसतं ते त्यासाठीच.

वकिलाला चौकशी चालू असतानाही भेटता येतं, पूर्ण वेळ नसलं तरी. ऐपत नसेल तर पहिल्या हजेरीलाच मोफत वकील मिळतो, आणि हे आरोपीला सांगणं दंडाधिकाऱ्यांचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कसाबच्या खटल्यात बजावलं. अटकेची कारणं समजेल त्या भाषेत लेखी द्यावी लागतात. रिमांडच्या किमान दोन तास आधी तरी, असं 2025 मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात ठरलं. तो कागद मागून घ्या.

त्या पहिल्या हजेरीत दंडाधिकारी विचारतात, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे?” शेजारी पोलीस उभे असतात, माणूस मान हलवून ‘नाही’ म्हणतो आणि तेच नोंदलं जातं. मारहाण झाली असेल तर तिथेच सांगायचं, वैद्यकीय तपासणी मागायची. नंतर ते सिद्ध करणं फार अवघड जातं.

राहिली आरोप निश्चिती. तिथे कोर्ट एवढंच पाहतं की खटला चालवण्याइतकं प्रथमदर्शनी काही आहे का. नसेल तर आरोपी तिथेच दोषमुक्त होऊ शकतो. असेल तर आरोप वाचून दाखवतात, गुन्हा कबूल आहे का विचारतात. ‘नाही’ म्हटलं की साक्षीदार आणून गुन्हा शाबीत करायचं काम सरकार पक्षाचं.