आक्काची तेलाची बरणी

आज आक्काचं वर्षश्राद्ध होतं. बार्शीहून परतताना गाडीत बसून लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. डोकं तापलंय.

पंगत बसलेली. पानात भजी, वडे, तळलेल्या कुरडया. एक लांबचे काका तिसरा वडा मोडता मोडता अख्ख्या ओळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "आक्काला या करडईच्या तेलानं खाल्लं. बियांचं तेल म्हणजे विष. आमच्याकडे बंदच केलंय, आता सगळं तुपात." आणि मोबाइल काढून व्हिडिओ दाखवायला लागले. माणूस गेल्याला वर्ष झालं, तिच्याच पानावर बसून!

आक्का म्हणजे माझी मोठी आत्या. गळ्यात तुळशीची माळ. लिव्हर सिरॉसिसनं गेली. पोटात पाणी झालं म्हणून पहिल्यांदा ॲडमिट केलं, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरनं तिच्याकडे न बघता विचारलं होतं, "दारू किती वर्षं?" आक्का काही बोलली नाही. नुसता माळेला हात लावला. तो हात मला अजून दिसतो. तो पोरगा तरी काय करणार, फॉर्मवर प्रश्न असतोच म्हणा. पण नंतर गावात जी कुजबुज झाली, तिला कुठला फॉर्म होता?

दारूचा थेंब न घेता लिव्हर जातं, हे आपल्याकडे अजून लोकांच्या गळी उतरत नाही. सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर ग्रेड १', म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी, असं येतं आणि सगळे म्हणतात, सगळ्यांनाच असतं. आक्काचाही तसा रिपोर्ट आला होता, कितीतरी वर्षांपूर्वी. तिनं तो कपाटात साड्यांखाली ठेवून दिला. बऱ्याच जणांचं तिथंच थांबतं हे खरं. पण काहींच्या लिव्हरला त्या चरबीनं दाह, म्हणजे आतून सूज, सुरू होतो, दाहाच्या जागी व्रण धरतात आणि वर्षानुवर्षांनी लिव्हर दगड होतं, तेच सिरॉसिस. दुखत काहीच नाही. आक्का शेवटच्या वर्षापर्यंत कुरडया घालत होती.

आता काकांच्या विषाबद्दल. करडईच्या तेलात ओमेगा-६ नावाचं स्निग्ध आम्ल तीन चतुर्थांशाच्या आसपास असतं, आणि ओमेगा-६ पासून शरीर दाह वाढवणारी काही रसायनं बनवतं, इतकं खरं आहे. व्हिडिओवाले इथेच थांबतात. माणसांना प्रत्यक्ष खायला घालून बघितलं तर रक्तातला दाह त्यानं वाढत नाही. स्वीडनमध्ये उप्साला इथं तरुण पोरांना सात आठवडे रोज जास्तीचे मफिन खायला दिले, निम्म्यांना पाम तेलातले, निम्म्यांना सूर्यफुलाच्या तेलातले. २०१४ साली ते छापून आलं. वजन दोघांचं सारखंच वाढलं, लिव्हरमध्ये चरबी मात्र पाम तेलवाल्यांच्या जास्त साचली. आणि तूप? त्यात पाम तेलापेक्षाही जास्त संपृक्त चरबी, ती थंडीत थिजणारी! वरणावर चमचाभर घ्या, मीही घेते. पण वाटीनं पिऊन लिव्हर धुऊन निघतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?

फिनलंडमधल्या अशाच एका प्रयोगाचं तर मी भाचीकडून दोनदा वाचून घेतलं. तीन आठवडे रोज हजार कॅलरी जादा. लोणी-चीज-खोबरेल खाणाऱ्यांच्या लिव्हरमधली चरबी ५५ टक्क्यांनी वाढली, ऑलिव्ह तेल आणि पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) खाणाऱ्यांची १५ टक्क्यांनी. आणि नुसती साखर खाणाऱ्यांची? ३३! साखरेतून लिव्हर स्वतःच चरबी बनवतं, आणि बनवतं तेही बहुतेक पामिटिक आम्ल, पाम तेलात असतं तेच. म्हणजे तेलाच्या नावानं बोटं मोडून वर दोन वाट्या बासुंदी ओरपणाऱ्यांनी जरा गप्प बसावं. (काका, तुम्ही ही पोस्ट वाचणार आहात, मला माहीत आहे.)

आक्का काय खायची ते मी सांगते. दिवसातून चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, आणि चहाबरोबर बेकरीची खारी. खारीला पापुद्रे सुटतात ते वनस्पती तुपानं. त्यातल्या ट्रान्स फॅटवर, म्हणजे तेल थिजवताना तयार होणाऱ्या घातक चरबीवर, २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आली. आक्काची खारी त्याआधीची चाळीस वर्षं. चतुर्थी, एकादशी, सोमवार, प्रत्येक उपासाला साबुदाणा. आणि सणाला तळण झालं की उरलेलं काळं तेल ती गाळून स्टीलच्या बरणीत भरायची. घरच्यांना ताजं तेल, स्वतःच्या भाजीला बरणीतलं. "टाकायचं कसं गं, पैसे पडलेत त्याला."

खारीनंच ती गेली असं मी म्हणू शकत नाही. साखरेचा आजार होता, दिवसभर बसून शिवणकाम होतं. आणि खारीचा पुडा दर खेपेला पुण्याहून कोण न्यायचं? मीच. तिला आवडायची म्हणून.

माशातलं ओमेगा-३ दाहाला उतार देतं म्हणतात. पण माळकरी बाई बांगडा थोडीच खाणार होती? जवसाची चटणी मात्र झकास करायची. जवसातल्या ओमेगा-३ चं शरीर माशातल्यासारखं रूप फार थोडं करतं, ठीक आहे, पण थोडं म्हणजे शून्य नाही. तीही ती पाहुण्यांना डब्यात भरून द्यायची.

सगळ्यात शेवटी जेवायची, उरलेलं जेवायची, नासू नये म्हणून जेवायची. त्याला कुठलं तेल जबाबदार, काका?

निघताना स्वयंपाकघरात गेले तर वहिनी आजच्या तळणाचं तेल गाळत होती. त्याच बरणीत. मी म्हटलं, वहिनी, ही बरणी मला देतेस?

तिला वाटलं, आठवण म्हणून मागतेय. डोळे पुसत म्हणाली, "थांब, रिकामी करून देते."

म्हटलं, नको. तेलासकट दे.