थर्मामीटरबद्दल, आणि 'हौसे'बद्दलही

बँटम, म्हणजे बुटक्या जातीच्या कोंबडीच्या नुकत्या फुटलेल्या पिल्लांवर मी लिहिलं, त्याखालची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. "काकू, थर्मामीटर न लावता बल्बखाली पिल्लं ठेवणं म्हणजे हौसेपायी जिवांशी खेळ आहे. पाण्याच्या बशीत पिल्लं बुडतात, हेही तुम्हाला माहीत नाही. आधी शिका, मग शिकवा."

बशीचं आधी सांगते. तिथे तुमचं बरोबर आहे. बँटमचं पिल्लू एवढंसं, उथळ बशीतही जीव जातो. बशीत गोट्या घालायच्या, हे लिहायचं राहिलं होतं, आज घातलंय.

पण 'हौसेपायी' हा शब्द मला लागला. मुद्दा सरळ मांडला असतात तर मीही सरळ उत्तर दिलं असतं. तुम्ही स्वतः किती पिल्लं वाढवलीत, हे सगळ्या प्रतिक्रियेत कुठेच नाही, आणि माझ्या वयाच्या बाईला "आधी शिका" म्हणता. ही काय बोलायची रीत झाली?

पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, हे मलाही पाठ आहे. पण मे महिन्याच्या दुपारी आमच्या पत्र्याच्या पडवीत तेवढी उष्णता बल्बाशिवायच असते. म्हणून बल्ब खोक्याच्या एकाच कोपऱ्यावर टांगायचा, बाकीचं खोकं गार ठेवायचं. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढून कर्कश ओरडत असतील तर त्यांना थंडी वाजतेय. चोची उघडून, पंख पाडून कडेला सरकली तर उकडतंय. खोकंभर पांगून बारीक आवाजात चिवचिवत असतील तर ठीक चाललंय. हे बघायला डोळे आणि कान लागतात.

२६ जुलै २००५ ला, मुंबईतल्या त्या पुरात, आम्ही कलिन्यात बैठ्या घरात राहत होतो. संध्याकाळी घरात गुडघाभर पाणी, वीज गेलेली, आणि चार दिवसांची नऊ पिल्लं. खोकं माळ्यावर चढवलं. गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरलं, बाटल्या सासऱ्यांच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळून पिल्लांच्या मध्ये ठेवल्या. अंधारात थर्मामीटर वाचणार कोण? आवाज चढला की बाटली बदलायची, असं पहाटेपर्यंत चाललं. आठ जगली. एक माझ्या ओंजळीत गेलं, ते मी अजून विसरलेली नाही. याला तुम्ही खेळ म्हणता?

थर्मामीटर वाईट असं मी कुठेही म्हटलेलं नाही. ज्यांना हवा त्यांनी लावावा. औषधाच्या पाण्याबद्दल आणि खाद्यातल्या प्रथिनांबद्दल तुम्ही जे लिहिलंत, त्यावर मला वाद घालायचा नाही. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा जरा जपून लिहा.

परवा, अंडी उबवायला ठेवल्याच्या विसाव्या दिवशी, नवी सात फुटली. खोकं आत्ता माझ्या बाजूलाच आहे. वर्तमानपत्रावर पाय घसरून फाकतात, म्हणून तळाला गोणपाट घातलंय. सकाळी एकाच्या ढुंगणाला विष्ठा सुकून चिकटली होती. कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून भिजवून सोडवली, ओढली तर कातडं सोलून येतं. आता ते बाकीच्यांत मिसळून निजलंय. मघाशी दोन-तीन कडेला सरकली होती, म्हणून बल्ब वीतभर वर घेतला.