वॉल्टरने पैसे बुडवले, पण लिंडनर त्यासाठी आला नव्हता

गेले काही आठवडे एक मजकूर बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या वाचकांच्या आणि शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. त्यातले दोघे माझे जुने विद्यार्थी. गावोगावच्या साहित्य संमेलनांचा हंगाम आहे, आणि एका परिसंवादात तो वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या, हे मी स्वतः मांडवात बसून ऐकलं.

मजकूर थोडक्यात असा: "अमेरिकेतल्या वर्णद्वेषावरची गाजलेली पुस्तकं डोळे उघडे ठेवून वाचा. वॉल्टर यंगरने घरचे पैसे उडवले. बिगर थॉमसने खून केला. टॉम रॉबिन्सन तुरुंगातून पळाला. प्रत्येकाचं वाटोळं त्याच्या स्वतःच्या निर्णयाने झालं. तशाच परिस्थितीतून फ्रेडरिक डग्लस वर आलाच ना? आपल्याकडच्या दलित आत्मकथनांनाही हेच लागू. दोष समाजाला देणं थांबवा, निवड सुधारा."

पाठवणारी माणसं वाईट नाहीत. मुलांना यातून उभारी मिळेल असं त्यांना मनापासून वाटतं. पण मी ही पुस्तकं पंचवीस वर्षं बी. ए.च्या वर्गात शिकवली, आणि मजकुरात सांगितलंय ते त्या पुस्तकांत नाही. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सुरुवात वॉल्टरपासून, कारण मजकुराची बाजू तिथेच सगळ्यात भक्कम वाटते.

लॉरेन हॅन्सबेरीचं 'अ रेझिन इन द सन' १९५९ साली ब्रॉडवेवर आलं. कृष्णवर्णीय बाईने लिहिलेलं तिथलं ते पहिलं नाटक. शिकागोच्या साउथ साइडमध्ये एका कोंदट बिऱ्हाडात पाच माणसं. शाळकरी ट्रॅव्हिस बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपतो, न्हाणीघर शेजाऱ्यांशी सामाईक. वारलेल्या बापाच्या विम्याचे १०,००० डॉलर घरात येतात. आई त्यातले ३,५०० भरून क्लाइबोर्न पार्कात घर घेते आणि उरलेले ६,५०० मुलाच्या, वॉल्टरच्या हातात ठेवते. त्यातले ३,००० बहिणीच्या डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी बँकेत टाकायचे असतात. वॉल्टर सगळेच्या सगळे दारूच्या दुकानाच्या भागीदारीत घालतो आणि भागीदार पैसे घेऊन पसार होतो.

चूक आहेच, धडधडीत चूक. वर्गात एकीने मला विचारलं होतं, "सर, खरं वॉल्टरनं पैसे दिलेच की हो. कुणी जबरदस्ती केली होती काय?" (आमच्याकडे 'खरं' म्हणजे 'पण'.) कुणीच केली नव्हती. मी तिला म्हटलं, आता फक्त घटनांचा क्रम बघ. घर बदलायच्या दिवशी सामान बांधलेलं असताना कार्ल लिंडनर नावाचा गोरा गृहस्थ दारात येतो. क्लाइबोर्न पार्कच्या रहिवाशांच्या संघटनेने त्याला पाठवलंय. तो शिवी देत नाही, आवाज चढवत नाही. तुम्ही आमच्यात राहायला येऊ नका, घर आम्हाला परत द्या, घातलेल्या पैशांपेक्षा जास्त देतो, एवढंच सांगतो. हे तो बोलतो तेव्हा पैसे बुडाल्याची बातमी घरात पोचलेलीच नाही. दारूच्या दुकानातला दुसरा भागीदार बोबो ती घेऊन येतो लिंडनर गेल्यानंतर.

म्हणजे लिंडनर वॉल्टरच्या चुकीमुळे आलेला नाही. त्याला आणलं आईच्या निर्णयाने. नवऱ्याच्या विम्याचे पैसे घरात घालणं हा त्या कुटुंबातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. आमच्या शहापूर-वडगावातली कुठलीही आजी म्हणेल, बाई हुशार. तिने गोऱ्यांची वस्ती निवडली तीसुद्धा मिरवायला नाही. काळ्यांसाठी दूर कुठेतरी बांधलेली घरं जवळपास दुप्पट किमतीची होती, म्हणून. चुकीच्या निर्णयाने पैसे गेले, आणि बरोबर निर्णयाने लिंडनर दारात आला. मजकुरात हा प्रवेश कुठेच नाही.

आणि लिंडनर ही लेखिकेची कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. हॅन्सबेरीच्या वडिलांनी १९३७ साली शिकागोत गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतलं. तिथल्या घरमालकांनी आपसांत लेखी करार केलेला होता की काळ्यांना घर विकायचं नाही, भाड्यानेही द्यायचं नाही. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९४० मध्ये वडील जिंकले ते कायद्याच्या तांत्रिक मुद्द्यावर. असे करार न्यायालयं अमलात आणणार नाहीत, हा निकाल यायला १९४८ उजाडलं. शिवाय १९३४ पासून सरकार घरकर्जांना हमी देऊ लागलं होतं, पण काळ्यांच्या वस्तीतल्या घरांना ती सहसा मिळत नसे. पगार वेळेवर, कर्ज फेडायची दानत, सगळं असून उपयोग नव्हता.

हे सगळं मला पुस्तकातून कळलं होतं. एकदा मात्र समोर बसून बघितलं. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातल्या एका विद्यार्थ्याला खोली बघून द्यायला मी बेळगावात त्याच्याबरोबर फिरलो. एका घरी वहिनींनी खोली दाखवली, नळाला पाणी कुठल्या दिवशी येतं ते सांगितलं, भाडं ठरलं, डिपॉझिटही ठरलं. तेवढ्यात घरमालक बाहेर आले. "आडनाव काय म्हणालात?" पोराने सांगितलं. "गावात घर कुठल्या बाजूला?" त्याने तेही खरं सांगितलं. चहा आला. चहा पिऊन होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, खोली भावाच्या मुलाला लागेल असं दिसतंय, फोन करतो. चौथ्या दिवशी मी त्याच गल्लीतून गेलो. खोली भाड्याने देणे असल्याची पाटी, वर कानडीत आणि खाली मराठीत, जागच्या जागी होती.

पोराला शेवटी खोली मिळाली ती लांब, दोन बस बदलून यावं लागेल अशा ठिकाणी. पहिल्या तासाला तो रोज उशिरा. हजेरी कमी भरली. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, ह्या पोरांना वेळेचं भानच नाही. मी तिथेच बसलो होतो, आणि लगेच तोंड उघडलं नाही. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तो उशिरा येतो एवढंच सगळ्यांना दिसत होतं, आणि ती पाटी मी बघितली होती.

आता बिगर. रिचर्ड राइटची 'नेटिव्ह सन' १९४० ची. बिगर थॉमस खरोखरच खुनी आहे, आणि राइटने त्याला कुठेही साळसूद केलेलं नाही. त्याच्या गोऱ्या मालकाची मुलगी मेरी डाल्टन त्याच्या हातून, तो घाबरल्यामुळे, उशीखाली गुदमरून मरते. पण पुढे स्वतःच्या मैत्रिणीला, बेसीला, तो ठरवून मारतो. तो प्रसंग वाचताना मी दर वर्षी थांबलोय. मजकूर म्हणतो, ही त्याची निवड. बेसीच्या बाबतीत मीही तेच म्हणेन.

पण कादंबरी सुरू कुठून होते? एका खोलीत चौघं, सकाळी गजर वाजतो आणि उंदीर निघतो. बिगर तो तव्याने मारतो. त्या दिवशी त्याला डाल्टन यांच्याकडे ड्रायव्हरच्या नोकरीसाठी जायचंय. नोकरी नाकारली तर घराला मिळणारी सरकारी मदत बंद. हीसुद्धा निवडच म्हणायची असेल तर म्हणा. आणि हे डाल्टन कोण? काळ्यांच्या संस्थांना देणग्या देणारे दानशूर गृहस्थ. त्यांच्याच कंपनीकडे त्या उंदराच्या खोलीची मालकी आहे. चौकशीत बिगरचा वकील मॅक्स त्यांना विचारतो की काळ्यांकडून जास्त भाडं का घेता, आणि दुसऱ्या वस्तीत त्यांना घर का देत नाही. डाल्टन सांगतात की भाडं बाजार ठरवतो, आणि वस्त्यांचं म्हणाल तर रीतच तशी आहे. निर्णय त्यांनीही घेतलेत, आयुष्यभर घेतलेत, पण मजकुराने निवडीचा हिशेब मागितला तो फक्त भाडेकरूकडे.

एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. त्याच चौकशीत बेसीचं प्रेत पुरावा म्हणून आणलं जातं, मेरीच्या खुनाचा आरोप घट्ट करायला. बिगरने जो खून खरोखर ठरवून केला, त्याची न्यायालयाला वेगळी किंमतच नाही, कारण मेलेली बाई काळी होती. बिगरला फक्त गुन्हेगार म्हणून बघायचं म्हटलं तरी ही कादंबरी न्यायव्यवस्थेला सोडत नाही.

टॉम रॉबिन्सनबद्दल फार लिहायची गरज नाही. हार्पर लीच्या 'टू किल अ मॉकिंगबर्ड' मध्ये (१९६०, लेखिका गोरी) टॉमवर एका गोऱ्या मुलीवर बलात्कार करून तिला मारल्याचा खोटा आरोप आहे. त्याचा गुन्हा एवढाच की येताजाता तो तिला फुकट कामात मदत करत होता. तिची कीव आली म्हणून, असं तो साक्षीत बोलला आणि तेच गोऱ्यांना सोसलं नाही. मार मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला, म्हणजे डाव्या हाताचा, आणि टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या यंत्रात सापडून निकामी झालेला. तरी पंचांनी दोषी ठरवलं. त्यानंतर तो तुरुंगाच्या कुंपणाकडे पळाला आणि त्याला सतरा गोळ्या घातल्या. 'पळाला ही त्याची निवड' असं लिहिण्याआधी त्या सतराचा विचार करायला हवा होता.

डग्लसचं नाव मजकुरात आलं याचं मला सगळ्यात जास्त दुःख आहे. १८३८ मध्ये एका काळ्या खलाशाची कागदपत्रं घेऊन तो गुलामीतून निसटला. खर्चाला पैसे होते त्याची होणारी बायको अ‍ॅना मरे हिचे. १८४५ मध्ये त्याने आत्मकथन छापलं आणि नाव झाल्यामुळेच पकडला जायची भीती वाढली. त्याला ब्रिटनला जावं लागलं. तिथल्या मित्रांनी वर्गणी काढून १८४६ मध्ये त्याच्या मालकाला पैसे मोजले तेव्हा तो कायद्याने मोकळा झाला. एवढी बुद्धी, एवढी वाणी, एवढं धाडस, आणि तरी त्याची पावती फाडावी लागली. सुटल्यावर बाकीच्या गुलामांना 'निवड सुधारा' असं त्याने कधी सांगितलं नाही. गुलामी संपेपर्यंत तो त्या कायद्याविरुद्ध लढत राहिला.

राहिला आपल्याकडचा मुद्दा. ही तुलना मराठीत आज आलेली नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. १९७२ ची दलित पँथर हे नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलं. या माणसांना निवड म्हणजे काय ते कळत नव्हतं असं म्हणायची माझी छाती नाही.

आणि बेळगाव जिल्ह्यातल्या माणसाने तर हे बोलताना खानापूरच्या जंगलाकडे तोंड करून बोलावं. तिथे सिद्दी राहतात. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेल्या माणसांचे वंशज, घाटातल्या रानात पळून येऊन वसलेले. घरात कोकणी, बाजारात मराठी आणि कानडी. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो मिळाला २०२० मध्ये. माणसं तीच, रान तेच, मध्ये फक्त जिल्ह्याची हद्द. २००३ साली उत्तर कन्नडमधल्या हल्याळकडे जन्मलेल्या पोरीला जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांची वाट मोकळी होती. त्याच साली खानापूरकडे जन्मलेली पोर तो दाखला मिळण्याजोगा होईतो सतरा वर्षांची झाली. तिने कुठली निवड चुकवली, हे मजकूर लिहिणाऱ्याने मला सांगावं. हद्दीच्या कुठल्या बाजूला जन्मलो यावर आयुष्य कसं फिरतं, हे सीमाभागातल्या मराठी माणसाला तरी समजावून सांगायची वेळ यायला नको होती.

शेवटचा आक्षेप मला तोंडी ऐकायला मिळाला: अन्याय अन्याय म्हणत राहिलं की माणूस बाहुलं होतो, त्याच्या हातात काही राहत नाही. यासाठी पुन्हा वॉल्टरकडेच जावं लागतं. पैसे गेल्यावर तो स्वतः लिंडनरला बोलावतो, पैसे घेऊन घर सोडायला तयार होतो. आई एकच करते. ट्रॅव्हिसला खोलीतून जाऊ देत नाही. पोरासमोर बोल, म्हणते. आणि पोराकडे बघता बघता वॉल्टर लिंडनरला सांगतो की आम्ही त्या घरात राहायला जाणार. हातात पैसा नसताना आणि पुढे काय वाढून ठेवलंय हे माहीत असताना घेतलेला तो निर्णय आहे. मी तो प्रवेश वाचायला लागलो की शेवटच्या बाकावरची पोरंही मोबाइल खाली ठेवत.

मग सामान खाली जातं. आई एकटी मागे राहते, दार ओढून घेते, पुन्हा आत येते आणि खिडकीतलं ते मरतुकडं रोप उचलून घेऊन जाते. नव्या घरात काय झालं ते नाटक दाखवत नाही. हॅन्सबेरींच्या नव्या घराबाहेर जमाव जमला होता. खिडकीतून आत फेकलेला दगडाएवढा तुकडा लहानग्या लॉरेनला लागता लागता राहिला. तिची आई रात्र रात्र भरलेलं पिस्तूल घेऊन घरात फिरत पोरांची राखण करायची. वडील तेव्हा खटला लढायला वॉशिंग्टनला गेलेले असायचे.