गुन्हा कबूल करा म्हणे!

आज परत तारीख, आणि फिर्यादी हवालदार परत गैरहजर. का? तर दुसऱ्या कुठल्याशा मोर्चाच्या बंदोबस्ताला गेलेत! तिथे नवे आरोपी तयार होईपर्यंत आम्ही जुन्यांनी बाकड्यावर बसायचं.

ते एक वेळ चालेल. पण बाहेर व्हरांड्यात काळ्या कोटातले एक गृहस्थ, ना आमचे वकील ना सरकारचे, येऊन म्हणतात, "ताई, लोकअदालतीत कबूल करून टाका. दोनशे रुपये भरा आणि मोकळ्या व्हा. उगाच कशाला ताणताय?" कशाला ताणताय! मी काय कुणाचं पाकीट मारलंय? नळाला पाणी नाही म्हणून रिकामा हंडा घेऊन तहसील कचेरीसमोर बसले, एवढंच. आणि कबूल केल्यावर पुढे चारित्र्य पडताळणीत 'शिक्षा झाली आहे' असं येईल तेव्हा हे काळे कोट येणार का सांगायला? (जुन्या दंड संहितेतल्या कलम १८८ चा, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याचा, दंड दोनशेच. नव्या न्याय संहितेत तेच कलम २२३ झालं आणि दंड अडीच हजार. महागाई तिथेही पोचली.)

बरं, १८८ ची दखल घ्यायची तर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याची किंवा त्याच्या वरिष्ठाची लेखी तक्रार कोर्टात लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९५, स्वच्छ लिहिलंय. आमच्या फायलीत ती नाहीच, आहे फक्त हवालदारांची फिर्याद. वकिलांनी हे मांडलं की न्यायाधीश साहेबांची बदली होते, नवे साहेब पहिल्यापासून सुरू.

आणि आम्ही मोडली म्हणतात ती जमावबंदी! पंधरा दिवसांचा आदेश, संपला की लगेच पुढचा तयार. वरातीच्या डीजेला ती लागत नाही, दादांच्या वाढदिवसाच्या केकला लागत नाही. आमच्या हंड्यांना लागते.

हंडा तर मुद्देमाल म्हणून जमा आहे. पंचनाम्यात 'एक जुना वापरता पितळी हंडा'. जुना कसला, लग्नातला आहे, नाव कोरलंय! सोडवायचा तर कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असा बाँड द्या म्हणे. माणसं येत नाहीत, हंड्याने मात्र यायचं.

२०२० साली औरंगाबाद खंडपीठाने माजलगावच्या आंदोलकांबाबत सांगितलं की एखाद्या कायद्याला विरोध केला म्हणून कुणी देशद्रोही होत नाही. त्या निकालाची प्रत मी पर्समध्ये घेऊन हिंडते. मला देशद्रोही कुणी म्हटलेलंच नाही; माझ्या घोषणा दुसऱ्या रांगेतसुद्धा ऐकू जात नव्हत्या, घसा बसला होता. तरी प्रत असते आपली.

आंदोलनांचे खटले मागे घ्यायचे जीआर निघतात. जीवितहानी नको, पाच लाखांवर नुकसान नको. आमच्यात नुकसान काय ते माझं. तरी आमची फाईल खटले मागे घ्यायचं ठरवणाऱ्या समितीकडे 'मार्गदर्शनार्थ'.

ज्या नेत्याने आम्हाला तिथे बसवलं तो फोटो काढून केव्हाच उठून गेला होता, आरोपींत त्याचं नाव नाही. परवा त्याचाच माणूस पाणीयोजनेच्या उद्घाटनाची पत्रिका देऊन गेला. "मंडळातल्या सगळ्या बायकांना घेऊन या ताई, गर्दी दिसली पाहिजे." त्या दिवशी जमावबंदी आहे का, तेवढं विचारून घ्या म्हटलं.